तवंग येण्यापूर्वी

सोलापुरापासून समुद्र फार दूर आहे. आमच्या मुलांना पाण्याचा विस्तार ठाऊक असतो तो सिद्धेश्वर तलावाचा. फार तर उजनीच्या जलाशयाचा. पुष्कळ वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात महाराष्ट्राचा नकाशा भिंतीला टांगून मी सह्याद्रीतील घाट समजावून देत होतो. तेव्हा एक मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘गुरुजी, जमिनीवर नद्या, गावे, रस्ते सारे दाखवले आहे. समुद्र मात्र नुसता निळा रंगवून सोडला आहे. तिथे काहीच नसते का?’’

‘‘पाणी असते,’’ मी म्हणालो. ‘‘पाण्यात आणखी काय दाखवायचे? बस खाली.’’

वर्ग हसला, मुलगी बसली आणि मी पुढच्या घाटाकडे वळलो. माझे उत्तर चुकले होते. ते किती चुकले होते, हे मला २०१० साली वर्तमानपत्रे वाचताना उमगले.

त्या वर्षी, शनिवार, दि. ७ ऑगस्ट रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. ‘एम. एस. सी. चित्रा’ हे जहाज न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडत होते आणि ‘खलिजिया-३’ हे आत येत होते. चित्रावर बाराशेंहून अधिक कंटेनर, म्हणजे मालाने भरलेल्या पोलादी पेट्या होत्या आणि तिच्या टाक्यांत २,६०० टनांहून अधिक इंधनतेल होते. टक्कर होताच जहाज एका अंगावर कलले. बैलगाडीवरून उसाच्या मोळ्या घसराव्यात तशा त्या प्रचंड पेट्या समुद्रात घसरू लागल्या. खलाशांना वाचवण्यात आले. परंतु जहाजाच्या फुटलेल्या अंगातून तेल वाहू लागले होते. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले असे पुढे सांगण्यात आले. पेट्या जलमार्गात तरंगत असल्यामुळे मुंबई आणि न्हावाशेवा या दोन्ही बंदरांतील जहाजांची ये-जा काही दिवस थांबवावी लागली.

जहाजाच्या इंजिनासाठी वापरले जाणारे हे तेल आपल्या दिव्यातील तेलासारखे पातळ व निर्मळ नसते. ते डांबराच्या जवळचे असते. काळे, दाट आणि चिकट. पाण्यावर त्याचा तवंग पसरतो व तो वारा नेईल तिकडे, भरती नेईल तिकडे जातो. थोड्याच दिवसांत तो घारापुरी, उरण, अलिबाग आणि नवी मुंबई येथील किनाऱ्यांवर व कांदळवनांत जाऊन पोहोचला. कोळी बांधवांसाठी हा काळ फार महत्त्वाचा. पावसाळ्यातील मासेमारीची बंदी संपत आली होती. नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. दोन महिने बंद असलेल्या होड्या डागडुजी होऊन, रंगरंगोटी होऊन पाण्यात उतरायच्या, तो किनाऱ्यावर काळा चिखल आणि गिऱ्हाइकाच्या मनात मासे खावे की न खावे ही शंका!

आता त्या सकाळी तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांपुढे कोणता प्रश्न उभा राहिला असेल, याचा विचार करा. तवंग अडवण्यासाठी ‘बूम’ नावाचा अडसर वापरतात. तो लांबलचक असतो. त्याचा वरचा भाग पाण्यावर तरंगतो व खालचा भाग पडद्यासारखा पाण्यात लोंबतो. हा अडसर कितीही जमवला तरी साऱ्या किनाऱ्याला पुरेल इतका कधीच नसतो. मुंबईच्या परिसरात ठाण्याची खाडी आहे, पनवेलची आहे, धरमतरची आहे आणि त्या प्रत्येकीला झाडाच्या फांद्यांसारख्या लहान लहान उपखाड्या फुटल्या आहेत. मग अडसर नेमका कोठे लावायचा? कोणती खाडी वाचवायची आणि कोणता किनारा सोडून द्यायचा?

विचार करायला वेळ किती असतो, तेही पाहू. प्रवाह पाण्याबरोबर तवंगालाही वाहून नेतो. शिवाय वारा स्वतःच्या वेगाच्या सुमारे शंभरात तीन भाग इतक्या वेगाने त्याला ढकलतो. वारा ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर एकट्या वाऱ्यामुळे तवंग तासाला सुमारे ९०० मीटर आणि दिवसभरात २१ किलोमीटरांहून अधिक सरकेल. ऑगस्टमधील वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येणारा. त्यात तीनच दिवसांनी अमावास्या होती. अमावास्येला व पौर्णिमेला भरती मोठी येते. तिला कोळी उधाणाची भरती म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांगाची भरती म्हणतात. उधाणाच्या भरतीचे पाणी खाडीत एरवीपेक्षा पुष्कळ आत शिरते. त्याच्या पाठीवर तेल असले तर तेही आत जाते आणि ओहोटीला पाणी परतले तरी तेल मात्र मागे राहते. अशा वेळी फायली काढून, सभा भरवून, कोणाच्या गावी काय आहे याची चौकशी सुरू केली, तर उत्तर मिळण्यापूर्वीच तवंग दारात येतो. म्हणून ही चौकशी आधी, शांतपणे करून ठेवलेली असावी लागते. तिची नोंद ज्या कागदावर होते, त्याचे नाव नकाशा.

असा नकाशा प्रथम अमेरिकेत तयार झाला, तोही घाईतच. १९७९ च्या जून महिन्यात मेक्सिकोच्या आखातातील ‘इश्तोक’ नावाची तेलविहीर फुटली. तेल टेक्सासच्या किनाऱ्याकडे येत आहे असे दिसताच तेथील शास्त्रज्ञांनी तवंग पोहोचण्यापूर्वी अवघ्या काही दिवसांत किनाऱ्याचा एक नवाच नकाशा काढला. त्यात गावे व रस्ते यांपेक्षा अधिक महत्त्व दिले होते ते किनाऱ्याच्या स्वभावाला. तेल आले तर या ठिकाणाला किती दुखापत होईल आणि ती किती काळ राहील, हे त्यांनी १ ते १० अशा क्रमांकांनी व रंगांनी दाखवले. हीच पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली.

उघड्या समुद्राला तोंड देणाऱ्या काळ्या कातळाचा क्रमांक १. लाटाच त्याला धुऊन काढतात. माणसाला फारसे काही करावे लागत नाही. बारीक वाळूच्या पुळणीचा क्रमांक ३. तेल वाळूच्या वरच्या थरात राहते, ते फावड्याने खरवडून काढता येते. गोट्यांचा किनारा आणि मोठमोठे दगड रचून केलेला बांध यांचा क्रमांक ६. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला लाटा फोडण्यासाठी चार पायांचे सिमेंटचे ठोकळे टाकले आहेत, ते तुम्ही चित्रात पाहिले असतील. दिसायला ते कातळासारखेच भक्कम. पण त्यांच्या सांदीकोपऱ्यांत तेल जाऊन बसते आणि दीर्घकाळ थोडे थोडे झिरपत राहते. खाडीच्या आडोशाला असलेल्या चिखलपट्टीचा क्रमांक ९. शिवडीच्या चिखलपट्टीवर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात ते या चिखलातील सूक्ष्म जीव खाण्यासाठीच. आणि सर्वांत शेवटचा, सर्वांत नाजूक असा क्रमांक १० आहे कांदळवनाचा.

कांदळाची मुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर डोकावतात. चिखलात हवा नसते. म्हणून झाड या मुळांनी बाहेर येऊन श्वास घेते. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. ते धुवायला माणूस आत गेला, तर त्याच्या पायांनी तेल चिखलात अधिकच खोल दाबले जाते. म्हणजे येथे मदतही अपाय करते. तेल आत येऊच न देणे, हा एकच उपाय.

हे क्रमांक समोर ठेवले म्हणजे एक कठीण निर्णय करावा लागतो. समजा, अडसर एकच आहे. एका बाजूला प्रसिद्ध चौपाटी आहे. तिथे लोक फिरायला येतात, छायाचित्रकार येतात, तेल आले तर दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत चित्र छापून येईल. दुसऱ्या बाजूला एका लहान खाडीचे मुख आहे. आत कांदळ, चिखल, खेकडे आणि दहा-बारा होड्यांचे गाव. तिकडे कोणी छायाचित्रकार जात नाही. नकाशा सांगतो, अडसर खाडीच्या तोंडाशी लावा. चौपाटी काळी होऊ द्या. ती महिन्याभरात साफ करता येईल. मला वाटते, नकाशाचा खरा उपयोग येथेच आहे. गर्दीच्या व गोंगाटाच्या घटकेला मोठा आवाज ज्याचा असेल त्याचे ऐकले जाते. ज्यांना आवाज नाही त्यांच्या वतीने शांततेच्या काळात केलेला निर्णय नकाशाने जपून ठेवलेला असतो.

पूर्वी असे नकाशे कागदावर काढीत. आता ते संगणकावर असतात. त्यांना अंकीय नकाशे म्हणतात. अंकांचा नकाशा कसा होतो, हे समजून घ्यायला सोलापूरच्या मुलांना लांब जायला नको. आमच्या चादरीवर मोर किंवा वेलबुट्टी उठवायची असे, तेव्हा जुन्या जॅकार्ड मागासाठी ते चित्र आधी बारीक चौकटींच्या कागदावर काढीत. कोणती चौकट भरायची व कोणती रिकामी ठेवायची हे ठरले की त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडीत. भोक असेल तेथे धागा उचलला जाई. नसेल तेथे तो खालीच राही. मागाला मोर ठाऊक नसतो. त्याला ठाऊक असते ते भोक आहे की नाही, एवढेच. संगणकालाही समुद्र ठाऊक नसतो. त्याच्या नकाशात साऱ्या किनाऱ्याच्या बारीक चौकटी पाडलेल्या असतात आणि प्रत्येक चौकटीत अंक भरलेले असतात: येथे पाणी किती खोल, येथे किनारा कोणत्या क्रमांकाचा, येथून जवळचा धक्का किती दूर.

या नकाशाचे थर असतात. अर्धपारदर्शक कागदांवर वेगवेगळी चित्रे काढून ते कागद एकावर एक ठेवावेत, तसे. एका थरावर किनारा, दुसऱ्यावर पाण्याची खोली, तिसऱ्यावर पक्ष्यांची व कासवांची ठिकाणे, चौथ्यावर मासळी सुकवण्याची वाळवणे, मिठागरे आणि तारापूरच्या अणुवीजकेंद्रासारखी समुद्राचे पाणी आत घेणारी ठिकाणे. हवे ते थर चढवावेत, नको ते उतरवावेत. खोलीचा थर कशाला हवा, असे कोणी विचारील. तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विखरून टाकणारी काही रसायने असतात. २०१० मध्ये तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरांतून त्यांची फवारणी केली होती. खोल समुद्रात हे चालते. उथळ पाण्यात हेच विखुरलेले तेल मासळीच्या पिलांपर्यंत व तळाच्या शिंपल्यांपर्यंत पोहोचते. फवारा कोठपर्यंत मारायचा, याची रेघ खोलीचा थरच आखून देतो. ऋतूचाही थर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास आणि आंजर्ले येथील पुळणींवर हिवाळ्यात समुद्रकासवे अंडी घालायला येतात. त्या दिवसांत ३ क्रमांकाची साधी वाळू ही साधी राहत नाही.

नकाशा किती बारकाईने काढला आहे, यालाही फार महत्त्व आहे. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर लांब, असे मी कित्येक वर्षे मुलांकडून पाठ करून घेतले. अलीकडे सरकारने नवी मोजणी केली, तेव्हा तो ११,०९८ किलोमीटर भरला. समुद्र काही वाढला नाही. जुनी मोजणी ज्या नकाशावरून झाली होती त्याच्या एका सेंटीमीटरात ४५ किलोमीटर मावत होते. नव्या नकाशाच्या एका सेंटीमीटरात केवळ अडीच किलोमीटर मावतात. जुन्या नकाशात जी खाडी दिसतच नव्हती, तिचे वळण आता दिसू लागले आणि मोजलेही गेले. जी खाडी नकाशात नाही, तिच्या तोंडाशी अडसर कोण नेणार?

आता तवंगाच्या चालीकडे वळू. जहाज फुटल्याची बातमी आली की तवंग कोठे आहे व उद्या कोठे असेल, हे या नकाशावर दाखवावे लागते. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेले असते, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह निरुपयोगी ठरतो. रडार असलेला उपग्रह मात्र ढगांतून पार पाहतो. वाऱ्याने पाण्यावर बारीक लहरी उठतात व त्यांवरून रडारच्या लहरी परततात. तेलाखाली पाणी गुळगुळीत होते, म्हणून तवंगाची जागा रडारच्या चित्रात काळी उमटते. भारताने २०१२ मध्ये सोडलेला ‘रिसॅट-१’ हा असाच उपग्रह होता आणि २०२२ मध्ये सोडलेला ‘ई. ओ. एस.-०४’ हाही असाच आहे. शांत वाऱ्यातील पाणीही असेच काळे दिसते, त्यामुळे चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. विमान पाठवून खात्री करून घ्यावी लागते.

पुढचा हिशेब कोठे होतो, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. समुद्रातील प्रवाह, लाटा व वारे यांचे अंदाज देणारी भारताची राष्ट्रीय संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. ती समुद्रापासून दूर, हैदराबादेत आहे. तेल कोठे सांडले, किती सांडले व कोणत्या जातीचे आहे हे कळवले की तेथील संगणक पुढील दिवसांतील तवंगाची वाट काढून देतो. मुंबईहून हैदराबादेला जाणारा महामार्ग सोलापुरावरून जातो. समुद्राची खबर समुद्र न पाहिलेल्या आमच्या गावाच्या माथ्यावरून जाते-येते, याची मला मोठी गंमत वाटते.

आपल्या समुद्रातील तेलगळतीशी सामना करण्याचे काम तटरक्षक दलाकडे आहे. त्यासाठी १९९६ पासून राष्ट्रीय योजना आहे आणि तिचा सरावही केला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये असा एक मोठा सराव गुजरातेतील वाडीनार येथे झाला. सरावाची गरज किती आहे, हे पुन्हा दिसायला फार दिवस लागले नाहीत. २५ मे २०२५ रोजी ‘एम. एस. सी. एल्सा-३’ हे ६४० कंटेनर घेऊन चाललेले जहाज केरळच्या कोचीजवळ बुडाले आणि तेथील किनाऱ्यांवर पेट्यांबरोबर प्लॅस्टिकचे बारीक मणीही वाहत आले.

उपग्रहाला न दिसणाऱ्याही पुष्कळ गोष्टी असतात. रायगड जिल्ह्यात खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले आहेत. त्या बांधांना पाणी सोडण्यासाठी दारे असतात. त्यांना उघाड्या म्हणतात. तवंग येण्यापूर्वी कोणती उघाडी बंद करायची, तिची फळी धड आहे की मोडली आहे, हे गावातल्या शेतकऱ्यालाच ठाऊक असते. भांगाच्या ओहोटीला कोणत्या वाटेने होडी जाते आणि कोणत्या वाटेने ती चिखलात रुतते, हे कोळी सांगू शकतो. अडसर घेऊन जाणारी नाव जर रुतली, तर दहा उपग्रहही तिला बाहेर काढणार नाहीत. म्हणून चांगला नकाशा करणारे लोक होडीत बसून खाडीत जातात, गावकऱ्यांपुढे कागद पसरतात आणि विचारतात, येथे काय आहे? या वळणाला तुम्ही काय म्हणता? म्हातारा कोळी बोट ठेवून सांगतो आणि निळ्या रंगावर एक नवी खूण होते.

अभ्यास

१. वाऱ्याचा वेग ताशी ४० किलोमीटर असेल, तर केवळ वाऱ्यामुळे तवंग १२ तासांत किती अंतर सरकेल?

२. चौपाटी सोडून लहान खाडीच्या तोंडाशी अडसर लावावा, असे लेखक का म्हणतो? चौपाटीवर भेळ विकून पोट भरणाऱ्या माणसाला हा निर्णय तुम्ही कसा समजावून सांगाल? त्याचे म्हणणे काय असेल? दोघांचा संवाद लिहा.

३. जॅकार्ड माग आणि संगणक यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?

४. आपल्या गावातील तलावाचा, ओढ्याचा किंवा विहिरीच्या परिसराचा नकाशा तीन अर्धपारदर्शक कागदांवर काढा. तिसरा कागद घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून भरा.

५. वाक्यांत उपयोग करा : उधाण, भांग, उघाडी, पुळण, तवंग.